कॅलिफोर्नियातली स्टेट पार्कं चालतात कशी, आणि टॉयलेटला कुलूप का लागतं

खडीवाट | शनिवार, रात्री ९.४०

परवा आमच्या सान होजेच्या ग्रुपवर एका मैत्रिणीनं फोटो टाकला. समुद्राकाठच्या एका स्टेट पार्कात टॉयलेटच्या दाराला कुलूप आणि तिच्या हातात दिवसभराच्या पार्किंगची दहा डॉलरची पावती. खाली एवढंच लिहिलं होतं, "हे पैसे जातात कुठे?" तासाभरात तीसेक मेसेज आले. बहुतेकांचं म्हणणं, सरकारी कारभार सगळीकडे सारखाच. ते वाचून मला चैन पडेना. मी अकरा वर्षं सांताक्रूझच्या डोंगरातल्या एका स्टेट पार्कात महिन्यातला एक शनिवार पायवाटांच्या कामाला जाते, त्यामुळे आतलं थोडंफार बघायला मिळालंय. ग्रुपवर एवढं मोठं लिहिता येत नाही, म्हणून इथे धागा काढते आहे.

आधी एक घोळ निस्तरते. योसेमिटी, डेथ व्हॅली ही नॅशनल पार्कं, ती केंद्र सरकारची. स्टेट पार्कं राज्याची, ती राजधानी सॅक्रामेंटोहून चालतात. योसेमिटीची दरी खरं तर १८६४ साली लिंकनच्या सहीनं कॅलिफोर्निया राज्याकडेच सोपवली होती, लोकांसाठी राखायला. १९०६ मध्ये ती केंद्राकडे परत गेली. तोवर इकडे १९०२ मध्ये बिग बेसिन झालं होतं. लाकूडतोडीतून वाचवलेलं रेडवुडच्या उंच झाडांचं जंगल, आज राज्यातलं सगळ्यांत जुनं स्टेट पार्क. पुढे १९२७ मध्ये पार्क कमिशन नेमलं गेलं आणि १९२८ मध्ये मतदारांनी साठ लाख डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. अट अशी की सरकारी डॉलरमागे तेवढाच वाटा लोकांनी उभा करायचा, रोख किंवा जमिनीच्या रूपात. लोकवर्गणी ही आजची टूम नाही, या पार्कांच्या पायातच ती आहे.

आज अशी २८० च्या आसपास ठिकाणं आहेत. एकट्या आन्झा-बोरेगोचं वाळवंट सहा लाख एकरांच्या वर, तर सॅक्रामेंटोतला जुने गव्हर्नर स्टॅनफर्ड यांचा वाडा हेही एक स्टेट पार्कच. वृत्तपत्रसम्राट हर्स्ट यांचा महाल, हर्स्ट कासल, याच खात्याचा, आन्यो नुएवोच्या किनाऱ्यावरचे एलिफंट सील याच खात्याचे आणि वाळूत चारचाकी-दुचाकी पळवायला राखलेली मैदानंसुद्धा याच खात्याची. कुठे पुरातत्त्व सांभाळायचं, कुठे पोहणाऱ्यांचे जीव, कुठे सीलच्या पिल्लांना माणसांपासून दूर ठेवायचं. म्हणून प्रत्येक जागेचा वर्ग ठरलेला असतो (पार्क, बीच, ऐतिहासिक स्थळ, रिझर्व्ह वगैरे) आणि नियम त्या वर्गाप्रमाणे. एका ठिकाणी कुत्रा चालतो आणि दहा मैलांवर का चालत नाही, हे त्यामुळे.

खात्याच्या वर गव्हर्नरनं नेमलेला डायरेक्टर, खाली वीसेक जिल्हे, प्रत्येकाचा सुपरिटेंडंट. रेंजर म्हणजे फक्त टोपीवाले गाइड नव्हेत. ते पोलिस अकादमीतून आलेले, बंदूक बाळगणारे अधिकारी असतात. अटक करू शकतात, दंडाचं तिकीट देऊ शकतात, जखमीला दरीतून वरही काढतात. पण गेटवरच्या खोक्यात बसलेली मुलं आणि टॉयलेट धुणारी माणसं बहुतेक हंगामी असतात. पैसे आटले की पहिली कात्री त्यांच्या तासांवर.

पैशाच्या मुख्य वाटा तीन. राज्याची सर्वसाधारण तिजोरी, पार्किंग-कँपिंगची फी आणि रोखे. रोख्यांबद्दल फार गैरसमज आहे. २०१८ मध्ये आपण ४.१ अब्ज डॉलरच्या रोख्यांना मत दिलं, तेव्हा मलाही वाटलं होतं की आता सगळं सुरळीत होईल. पण रोख्यांचा पैसा जमीन घ्यायला आणि बांधकामाला असतो, रोजच्या पगाराला नाही. नवी जमीन येते, ती झाडणारे हात येत नाहीत. दुरुस्त्या पुढे ढकलल्या जातात आणि तुंबतात. अशा रखडलेल्या कामांचा आकडा कित्येक वर्षं एक अब्ज डॉलरच्या वर सांगितला जातो आहे.

तुंबणं म्हणजे काय ते डोळ्यांनी बघितलेलं सांगते. आमच्या पार्कात जुन्या रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जायला एक पत्र्याचा पाइप आहे, दोन फूट व्यासाचा. इथे त्याला कल्व्हर्ट म्हणतात, आपल्याकडची मोरी. दर पावसाळ्याआधी त्याच्या तोंडाशी साठलेला पाला आणि फांद्या काढायच्या, एवढंच काम. दोन माणसं, मॅक्लाउड (एका बाजूला दाते, दुसऱ्या बाजूला फावड्यासारखं पातं असलेलं अवजार) आणि चाळीस मिनिटं. एका वर्षी ते राहिलं. माणूस कमी होता, आमचा शनिवार पावसानं रद्द झाला. जानेवारीत पाणी मोरीत शिरेना, ते रस्त्यावरून गेलं आणि रस्त्याची बाहेरची कड घेऊन दरीत उतरलं. मी नंतर तिथे उभी राहिले तेव्हा पाइपचं टोक हवेत लोंबकळत होतं आणि खालच्या ओढ्याचं पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं. त्याच ओढ्यात स्टीलहेड मासे अंडी घालायला येतात. मग इंजिनिअर, भूगर्भतज्ज्ञ, माशांच्या खात्याची परवानगी, टेंडर. ती वाट तीन वर्षं बंद होती. चाळीस मिनिटांच्या कामापायी.

म्हणून ते कुलूप बघितलं की मला रागाआधी हा पाइप आठवतो.

तांबडी माती | शनिवार, रात्री १०.२५

फार छान लिहिलंत ताई. रेंजर अटक करू शकतात हे माहीत नव्हतं. एक शंका. दहा डॉलरनं भागत नसेल तर वीस करावेत. योसेमिटीला गाडीमागे ३५ देतोच ना आपण?

खडीवाट | शनिवार, रात्री १०.५०

@तांबडी माती, फीचा पैसा त्या पार्कातच राहतो असं नाही. तो राज्याच्या एका फंडात जातो आणि तिथून वाटला जातो. पार्किंगच्या रांगा लागणारे दक्षिणेकडचे बीच कमावतात आणि त्यावर कुठलंसं आडबाजूचं जंगल तगतं. मला हे योग्यच वाटतं, नाही तर कमाई नसलेली जागा कोणी राखलीच नसती.

फी वाढवणं वाटतं तितकं सोपंही नाही. किनारा सगळ्यांचा, हे इथल्या कायद्यात आहे. सोनोमाच्या किनाऱ्यावर जिथे कधीच फी नव्हती तिथे आयर्न रेंजर बसवायचा प्रस्ताव आला होता. आयर्न रेंजर म्हणजे जाड लोखंडी नळकांडं, लिफाफ्यात पैसे घालून त्याच्या फटीत टाकायचे. २०१३ मध्ये काउंटीनंच (तिथल्या स्थानिक सरकारनं) त्याला नकार दिला. तिथले मच्छीमार, सर्फिंग करणारे, रविवारी मुलांना घेऊन येणारे शेतमजूर, सगळे विरोधात उभे राहिले. वीस डॉलर तुम्हा-आम्हाला जड नाहीत, पण पार्क फक्त तुमच्या-आमच्यासाठी नाही.

आणि हे कृपया सगळ्यांनी वाचा. सार्वजनिक वाचनालयातून स्टेट पार्कचा पास पुस्तकासारखा घरी नेता येतो. आरशाला अडकवायचा, बहुतेक पार्कांत पार्किंग फुकट. २०२२ पासून सुरू आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांना माहीत नाही.

लेकसाइड | रविवार, सकाळी ७.१०

ॲन आर्बरहून लिहितोय. आमच्याकडे मिशिगनमध्ये वेगळी युक्ती आहे. दर वर्षी गाडीची नोंदणी नवी करताना फॉर्मवर एक प्रश्न असतो, रिक्रिएशन पासपोर्ट हवा का? हो म्हणालात तर थोडे पैसे जास्त, आणि नंबरप्लेटच्या स्टिकरवर एक 'पी' छापून येतो. मग वर्षभर राज्यातल्या कुठल्याही स्टेट पार्कात त्या गाडीला प्रवेश. २०१० मध्ये सुरू झालं तेव्हा दहा डॉलर होते. त्याआधी पार्कातून काचेवर चिकटवायचा महागडा स्टिकर घ्यावा लागे. आता जो वर्षातून एकदाच जातो, तोही 'हो' म्हणतो. मी तर ज्या वर्षी बाळ झालं आणि कुठेच जाता आलं नाही, त्या वर्षीही हो म्हटलं.

खडीवाट | रविवार, सकाळी ८.३०

@लेकसाइड, हे वाचून जुनं दुखणं वर आलं. त्याच वर्षी, २०१० च्या नोव्हेंबरात, आमच्याकडे प्रपोझिशन २१ (थेट मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव) होतं. प्रत्येक गाडीमागे वर्षाला १८ डॉलर, आणि त्या बदल्यात राज्यातल्या गाड्यांना स्टेट पार्कात दिवसाचं पार्किंग मोफत. पडलं. मंदीचे दिवस होते आणि ते सक्तीचं होतं, 'नाही' म्हणायची सोय नव्हती. तुमच्याकडे विचारून घेतात, आमच्याकडे सांगून घ्यायला निघाले, एवढाच फरक असावा असं मला अजूनही वाटतं.

सेंट लुईसकर | रविवार, सकाळी ९.१५

मिझुरीत प्रवेश फीच नाही. एकाही स्टेट पार्कात नाही. १९८४ मध्ये लोकांनी स्वतः मत देऊन विक्रीकरात एक दशांश टक्का वाढवून घेतला. शंभर डॉलरच्या खरेदीवर दहा सेंट. पाच सेंट पार्कांना, पाच सेंट शेतजमिनीची धूप थांबवायला. हा कर कायमचा नाही, ठरावीक वर्षांनी पुन्हा मतदानाला येतो आणि दर वेळी पास होतो. २०१६ मध्ये पाचातल्या जवळजवळ चार जणांनी हो म्हटलं, आणि हे राज्य करांच्या बाबतीत किती हात आखडणारं आहे ते इथे राहणाऱ्यांना माहीत आहे. कारण साधं आहे. शेतकऱ्याला बांधबंदिस्तीचे पैसे मिळतात, गावातल्याला झऱ्याकाठी सहल मिळते, आणि विधानसभेला दर वर्षी त्या पैशात हात घालता येत नाही.

कोरडा ओढा | रविवार, सकाळी ११.००

टेक्ससमधून एक वाईट उदाहरण. फेअरफिल्ड लेक स्टेट पार्क. सुमारे १८०० एकर, डॅलस आणि ह्यूस्टनच्या मधे. तलाव आणि जमीन वीज कंपनीची, राज्याला पार्कासाठी वापरायला दिलेली. पन्नासेक वर्षांत कोणालाच टोचलं नाही की सातबारा आपल्या नावावर नाही. वीज केंद्र बंद झालं, कंपनीनं मालमत्ता विकायला काढली, बिल्डरनं घेतली आणि २०२३ च्या जूनमध्ये पार्क कायमचं बंद. सक्तीनं संपादन करायचं ठरलं होतं, तेही शेवटी सोडून दिलं.

आमचा मुलगा तिथे पहिला मासा पकडायला शिकला. शेवटच्या आठवड्यात गेलो तर लोक पाटीजवळ उभं राहून फोटो काढत होते, कोणी फारसं बोलत नव्हतं. त्याच नोव्हेंबरात टेक्ससच्या मतदारांनी नव्या पार्कांच्या जमिनींसाठी एक अब्ज डॉलरचा फंड मंजूर केला. चांगलं झालं, पण आमच्या तळ्याला उशीर झाला.

हिशेबनीस | रविवार, दुपारी १.२०

धागा छान आहे, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही. २०११ मध्ये कॅलिफोर्नियानं जाहीर केलं की पैसे नाहीत, पुढच्या जुलैपर्यंत ७० पार्कं बंद करणार. लोकांनी वर्गण्या काढल्या, संस्था पुढे आल्या. आणि जुलै २०१२ मध्ये उघड झालं की पार्क खात्याच्या दोन फंडांत मिळून सुमारे ५.४ कोटी डॉलर शिल्लक होते, जे वित्त विभागाला कळवलेलेच नव्हते. डायरेक्टरना पायउतार व्हावं लागलं. असं असताना लोकांनी फी आणि कर का द्यावेत? माझं स्पष्ट मत आहे की हे सगळं खासगी कंपन्यांकडे द्यावं. हिशेब तरी चोख राहील.

खडीवाट | रविवार, दुपारी ३.४५

@हिशेबनीस, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, मी ते टाळायला नको होतं. त्या वर्षी विश्वासाला जो तडा गेला तो अजून पूर्ण सांधलेला नाही.

पण काय घडलं ते नीट बघा. त्यातले साधारण दोन कोटी पार्कांच्या फंडात होते आणि बाकीचे, म्हणजे मोठा हिस्सा, त्या वाळूत गाड्या पळवण्याच्या मैदानांच्या फंडात. चौकशीत निघालं ते असं की सुरुवातीला हिशेबाच्या दोन पद्धतींमधला फरक होता, आणि पुढे वर्षानुवर्षं तो मुद्दाम झाकून ठेवला गेला, कळलं तर बजेट कापतील या भीतीनं. चूकच आणि मोठी चूक. पण ज्या खात्याला दर जूनमध्ये पुढच्या जुलैच्या पैशाची खात्री नसते, तिथे डब्यात चार पैसे लपवायची सवय कशी लागते हे कुठल्याही मराठी गृहिणीला समजेल. मिझुरीत ती भीतीच नाही.

खासगीबद्दल. कँपातली दुकानं, होड्या भाड्यानं देणं, काही हॉटेलं हे आधीपासून कंत्राटानं चालतं आणि ठीक चालतं. त्या ७० पार्कांच्या वेळी आणखी एक वाट निघाली. कायदा बदलून ना-नफा संस्थांना पार्क चालवायला देता येऊ लागलं, मालकी राज्याचीच. ग्लेन एलनचं, लेखक जॅक लंडन यांच्या नावाचं पार्क २०१२ पासून असं चालतंय आणि फार सुंदर चालतंय. जुन्या वायनरीच्या (वाइनच्या कारखान्याच्या) पडक्या दगडी भिंतींमध्ये उन्हाळ्यात गाण्या-नाचाचे प्रयोग झाले, त्यातून पैसा आला. हेन्री को पार्कासाठी देणगीदारांनी खात्याशी करार करून पैसे उभे केले. सत्त्याऐंशी हजार एकर, आपल्या गिलरॉय-मॉर्गन हिलच्या डोक्यावर.

पण ज्या पार्कात वायनरी नाही, लेखकाचं नाव नाही, जवळ श्रीमंत गाव नाही, त्याचं काय? कंपनी हर्स्ट कासल घेईल. मोरीतला पाला काढायला कोण टेंडर भरणार?

हिशेबनीस | रविवार, संध्याकाळी ५.१०

मुद्दा मान्य, निष्कर्ष नाही. रखडलेल्या कामांची यादी पार्कागणिक जाहीर करा, कुठलं काम कधी होणार ते लिहा, मग मी पहिला चेक देतो. डब्यातले पैसे समजू शकतो, पण तो डबा माझा आहे.

बोरिवली पूर्व | सोमवार, सकाळी ६.३०

रोज सकाळी नॅशनल पार्कात चालायला जाते, त्यामुळे धागा आवडीनं वाचला. आपल्याकडे नावात 'नॅशनल' असलं तरी संजय गांधी राष्ट्रीय उद्यान चालवतो महाराष्ट्राचा वन विभाग. कायदा केंद्राचा, १९७२ चा, आणि कारभार राज्याचा. म्हणजे तुमच्या भाषेत ते स्टेट पार्कच झालं. शंभराहून थोडे जास्त चौरस किलोमीटर. आत कान्हेरीची लेणी पुरातत्त्व खात्याकडे, तुळशी आणि विहार तलाव पालिकेकडे, पाड्यांवर आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहतात, आणि कुंपणापलीकडे टॉवर. एका वाटेवरून चालताना तीन सरकारं ओलांडतो आम्ही.

तौक्ते वादळात, २०२१ च्या मे महिन्यात, केवढी झाडं पडली होती. वाटा मोकळ्या करणाऱ्यांत पाड्यांवरची कितीतरी माणसं होती. कुठलं झाड ओढलं तर कुठलं अंगावर येईल हे त्यांना न बघता कळत होतं. तुमच्याकडे मूळच्या लोकांना काही स्थान आहे का या व्यवस्थेत?

खडीवाट | सोमवार, रात्री ८.१५

@बोरिवली पूर्व, तीन सरकारांचं वर्णन अगदी पटलं. उत्तरेला रेडवुडच्या पट्ट्यात केंद्राचं एक आणि राज्याची तीन पार्कं एकमेकांना लागून आहेत, ती १९९४ पासून दोघं मिळून चालवतात.

मूळच्या लोकांबद्दल: उशिरा आणि हळूहळू, पण सुरुवात झाली आहे. हंबोल्टमधल्या पॅट्रिक्स पॉइंटला २०२१ मध्ये तिथल्या युरोक जमातीच्या भाषेतलं मूळचं नाव परत मिळालं, सू-मेग. पाटी बदलणं सोपं असतं. आता जंगलात ठरवून, थोडी थोडी आग लावायच्या त्यांच्या जुन्या पद्धतीकडे खातं शिकायच्या नजरेनं बघू लागलंय, हे मला जास्त मोलाचं वाटतं. शंभर वर्षं प्रत्येक आग विझवत बसलो, त्याचं फळ बिग बेसिननं २०२० च्या ऑगस्टमध्ये भोगलं. पार्काचा ९७ टक्के भाग जळाला. १९३६ चं लाकडी मुख्यालय गेलं, ज्याच्या पायऱ्यांवर आमच्या मुलीचा तीन वर्षांची असतानाचा फोटो आहे.

दोन वर्षांनी, जुलै २०२२ मध्ये, थोडा भाग उघडला. आधी आरक्षण करून मोजक्याच गाड्या आत. आम्ही गेलो तेव्हा सावली अशी नव्हतीच. झाडं वरपासून खालपर्यंत कोळशासारखी काळी. आणि त्या काळ्या खोडांतून हिरवी लव फुटलेली, बुंध्यापासून थेट शेंड्यापर्यंत, जणू झाडानं हिरवा स्वेटर घातलाय. हात लावला तर बोटं काळी झाली आणि तळव्याला कोवळी पालवी मऊ लागली. जुने रेडवुड बहुतेक सगळे जगलेत.

आता तिथे इमारती जुन्या झाडांमध्ये पुन्हा बांधायच्या नाहीत, बाहेर कडेला न्यायच्या आणि तिथून शटलनं लोकांना आत आणायचं असं धोरण ठरलंय. खूप जणांना ते आवडलेलं नाही, झाडाखाली गाडी लावायची सवय होती. मला ते बरोबर वाटतं. त्या मुळांवर आपण नव्वद वर्षं गाड्या उभ्या केल्या.

चिऊ सान होजे | सोमवार, रात्री ९.०५

तो फोटो टाकणारी मीच. ताई, सगळं वाचलं. कारण कळलं, पण माझ्याबरोबर सासूबाई होत्या, सत्तर वर्षांच्या. कुलूप बघून त्यांना परत गाडीत बसवून चार मैलांवरच्या पेट्रोल पंपावर न्यावं लागलं. किमान गेटवर पैसे घेताना सांगायला हवं होतं.

खडीवाट | सोमवार, रात्री ९.२०

चिऊ, तुझं शंभर टक्के बरोबर आहे. सांगायलाच हवं होतं, त्याला पैसे लागत नाहीत. मी चौकशी केली. हिवाळ्यातल्या वादळात तिथल्या सांडपाण्याचा पंप बिघडलाय, सुटा भाग यायचाय. तोवर पोर्टेबल टॉयलेट आणणार होते, ते आलेलं नाही. जिल्ह्याच्या सुपरिटेंडंटना ईमेल कर, सासूबाईंचं जसं इथे लिहिलंस तसंच लिही. फोटोही जोड. या मेल वाचल्या जातात, मी उत्तरं आलेली बघितली आहेत.

तांबडी माती | सोमवार, रात्री ९.५०

ताई, तुमच्या शनिवारच्या कामाला नवीन माणूस चालतो का? मी फ्रीमाँटला आहे. अनुभव शून्य. मुलगा चौदा वर्षांचा आहे, त्यालाही आणीन म्हणतो.

खडीवाट | सोमवार, रात्री १०.१०

दोघंही या. मुलासाठी पालकाच्या सहीचा फॉर्म लागतो, तो मी पाठवते. सकाळी साडेआठला गेटवर, स्वयंसेवकांना पार्किंगचे पैसे नाही पडत. अवजारं, हेल्मेट, हातमोजे तिथे मिळतात. तुम्ही घोट्यापर्यंतचे बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि जेवणाचा डबा आणा, पाणी जरा जास्तच. पॉयझन ओकचा फोटो मुलाला आधी दाखवून ठेवा, तीन-तीन पानांची चकचकीत डहाळी. या वेळी त्याच ओढ्यावर नवीन पाइप बसवलाय, त्याच्या वरच्या अंगाचा पाला काढायचा आहे.